यंत्र गप्प का बसलं?

ओझरहून दिल्लीचं विमान सुटतं तेव्हा सगळे खिडकीतून द्राक्षबागांचे फोटो काढत असतात. मी मनातल्या मनात सेकंद मोजत असतो.

कारण मला आता एक गोष्ट माहीत आहे. ए-३२० जातीचं विमान धावपट्टीवर पळायला लागलं आणि वेग ८० नॉटवर, म्हणजे ताशी साधारण १५० किलोमीटरवर गेला, की तिथपासून १५०० फुटांची उंची गाठेपर्यंत ते आपल्या वैमानिकांपासून बऱ्याच गोष्टी लपवून ठेवतं. एखादा पंप बंद पडला, एखाद्या दुय्यम यंत्रणेत बिघाड दिसला, तरी घंटा वाजत नाही. इंजिनाला आग लागली तर वाजते. बाकी बहुतेक तक्रारी विमान गिळून बसतं आणि वर गेल्यावर सांगतं. हा बिघाड नाही. विमानाला तसं शिकवलेलं आहे.

हे मला मागच्या द्राक्ष सीझनच्या आधी माहीत असतं, तर दिंडोरीकडच्या एका माणसाचा माल कदाचित वाचला असता.

*

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंग नाशिकलाच केलं, मग चार वर्षं हिंजवडीत काढली आणि परत घरी आलो. आता इथल्या एका छोट्या कंपनीत आहे. आमचं काम सांगायला सोपं आहे. कोल्ड स्टोरेजमध्ये सेन्सर बसवायचे, तापमान वर गेलं की मालकाच्या मोबाईलवर अलर्ट पाठवायचा. सेन्सर हार्डवेअरची पोरं बसवतात. अलर्ट कधी जायचा आणि कधी नाही, ते मी ठरवतो. म्हणजे माझा कोड ठरवतो.

एक्स्पोर्टच्या द्राक्षांचं गणित असं असतं. बागेतून माल पॅकहाऊसला येतो, पेट्या भरतात, प्री-कूलिंग होतं आणि मग शून्य-एक डिग्रीच्या आसपास माल ठेवायचा, तो थेट कंटेनरमध्ये जाईपर्यंत. मध्येच थंडी तुटली तर मण्यांवर पाणी सुटतं, देठ वाळून तपकिरी पडतात, बुरशीला आमंत्रण मिळतं. द्राक्ष वरून छान दिसतं आणि युरोपात पेटी उघडली की नापास होतं.

पहिल्या सीझनला आमच्या सिस्टीमने लोकांना वेड लावलं. रात्री माल आत-बाहेर करताना दार उघडं राहतं. दार उघडलं की बाहेरची हवा आत येते आणि तापमान दोन-तीन डिग्री उडी मारतं. दार लावलं की पुन्हा खाली. पण तेवढ्यात माझ्या कोडने मालकाला तीन अलर्ट पाठवलेले असायचे. दिंडोरीकडचे ते काका (नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही) एकदा रात्री दीडला मला फोन करून म्हणाले, "भाऊ, तुमचं मशीन लई बोलतंय. बायको म्हणते फोन विहिरीत टाका."

मग मी हुशारी केली. दारावर चुंबकाचा एक छोटा सेन्सर लावला. दार उघडं आहे असं त्याने सांगितलं, की तापमानाचा अलर्ट दाबून टाकायचा. कोडमध्ये जेमतेम एका ओळीची अट. अलर्ट एकदम कमी झाले. काका खूश, बॉस खूश. मी ऑफिसात सगळ्यांना आलेख दाखवला. आधी रात्रीला सतरा-अठरा अलर्ट, नंतर एखादा.

फेब्रुवारीतल्या एका रात्री त्या दाराच्या सेन्सरचं चुंबक निखळून पडलं. दार बंद होतं, पण सिस्टीमला ते उघडं दिसत होतं. त्याच रात्री लाइटची एक फेज गेली आणि कॉम्प्रेसर ट्रिप झाला. तापमान चढत गेलं. माझा कोड दर मिनिटाला तो आकडा वाचत होता, साठवत होता आणि दार उघडं आहे म्हणून गप्प बसत होता.

सकाळी सहाला काकांनी खोली उघडली तेव्हा आत अकरा डिग्री होते.

त्यांच्या फोनची मी वाट बघत होतो आणि मला भीती होती ती शिव्यांची. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "भाऊ, मशीन गप्प का बसलं?"

वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, पॅनलवरचा लाल दिवा रात्री लागलेला त्याने पाहिला होता. पण तो दिवा दिवाळीपासून अधूनमधून लागतोच. त्याच्याकडे कोण बघतं?

*

माझे बाबा ओझरच्या एचएएलमधून रिटायर झाले. इन्स्ट्रुमेंट विभागात होते. मिग विमानांच्या तबकड्या आयुष्यभर त्यांच्या हाताखालून गेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला 'सम्राट अशोक' माहितीये?"

मला वाटलं इतिहासाचं काहीतरी काढतायत.

१ जानेवारी १९७८, रविवारची रात्र. 'सम्राट अशोक' हे एअर इंडियाचं जम्बो जेट होतं, १९७१ साली आलेलं, आपल्या देशाचं पहिलं बोइंग ७४७. फ्लाइट ८५५ म्हणून ते सांताक्रूझहून दुबईला निघालं. आत २१३ माणसं. धावपट्टी पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे सुटल्या सुटल्या समोर समुद्र. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते काळोखात कळत नाही. अशा वेळी वैमानिक खिडकीबाहेर बघत नाही, समोरच्या एका तबकडीकडे बघतो. तिला कृत्रिम क्षितिज म्हणतात. वरचा भाग आकाश, खालचा जमीन, आणि मधली रेघ सांगते की आपण सरळ आहोत की कललेलो.

बाबांनी कागदावर गोल काढला. म्हणाले, या तबकडीच्या मुळाशी भोवरा असतो. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, तू हात कसाही वळव. विमान भोवऱ्याभोवती कलतं आणि तो फरक तबकडी दाखवते.

त्या रात्री विमान सुटल्यावर थोडं उजवीकडे वळलं आणि परत सरळ झालं. कॅप्टन मदनलाल कुकर यांच्यासमोरची तबकडी मात्र सरळ झाली नाही. विमान उजवीकडेच कललेलं आहे असं ती दाखवत राहिली. जे दिसत होतं ते दुरुस्त करायला कॅप्टननी विमान डावीकडे वळवलं. सरळ असलेलं विमान डावीकडे कलू लागलं. तबकडी अजून उजवीकडेच म्हणत होती, म्हणून आणखी डावीकडे. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंदांत 'सम्राट अशोक' वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. एकही माणूस वाचला नाही.

"तबकडी एकच होती का?" मी विचारलं.

"तीन होत्या," बाबा म्हणाले. कॅप्टनसमोर एक, सहवैमानिकासमोर एक आणि मध्ये एक राखीव. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगच्या शेवटच्या सेकंदांत फ्लाइट इंजिनिअर आल्फ्रेडो फारिया कॅप्टनना त्या एका तबकडीवर जाऊ नका, असं सांगायचा प्रयत्न करताना ऐकू येतात. पण तोवर पाच-सहा सेकंदच उरले होते.

चौकशीत निष्कर्ष निघाला तो असा की तबकडी बिघडल्यावर कॅप्टनना विमानाच्या स्थितीचं भान राहिलं नाही आणि बाकीच्या उपकरणांवरून विमान सावरता आलं नाही. नातेवाईकांनी अमेरिकेत दावा लावला. १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयाने विमान आणि उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांवरचा निष्काळजीपणाचा आरोप फेटाळला.

म्हणजे दोष कुणाचा, तबकडीचा की माणसाचा? मी विचारलं, कारण मला माझंच उत्तर हवं होतं. बॉसने त्या दिवशी काकांना पाठवायच्या मेलचा मसुदा केला होता आणि त्यात एकच कारण होतं. दाराचा सेन्सर निकामी झाला. वाक्य खोटं नव्हतं.

बाबा म्हणाले, "बंद पडलेलं यंत्र बरं असतं. काटा शून्यावर पडतो, कळतं. पण हे चालू असतं आणि चुकीचं सांगतं. म्हणून आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं, एका तबकडीचं ऐकायचं नाही. शेजारणीला विचारायचं."

माझ्या कोडमध्ये शेजारीण नव्हती. एका चुंबकाच्या शब्दावर मी सगळी खोली सोपवली होती.

*

त्यानंतरच्या रात्री मी झोपेऐवजी विमान अपघातांचे चौकशी अहवाल वाचत बसलो. अपराधी वाटत असलं की माणूस असलं काहीतरी करतो.

'सम्राट अशोक'मध्ये तबकडीने शांतपणे चुकीचं सांगितलं. न्यूयॉर्कला ३० जुलै १९९२ रोजी उलटं झालं. टीडब्ल्यूएची फ्लाइट ८४३. सहवैमानिकाने विमान जमिनीवरून उचललं आणि त्याच क्षणी हातातला दांडा थडथडायला लागला. विमान हवेत तरंगणं सोडून पडण्याच्या बेतात असलं की वैमानिकाला जाग यावी म्हणून हा दांडा मुद्दाम हलवला जातो. प्रत्यक्षात वेग बरोबर होता, इंजिनं ठीक होती, विमान वर चाललं होतं. इशारा तेवढा खोटा होता. पण सहवैमानिकाने विमान कॅप्टनच्या हाती दिलं आणि कॅप्टनने ते परत धावपट्टीवर टेकवलं. इंधनाने भरलेलं ते धूड उरलेल्या धावपट्टीवर थांबणार नव्हतं, ते बाजूला गवतात गेलं आणि पेटलं. आतले सगळे २९२ जण बाहेर पडले. विमानाची राख झाली.

दोष निघाला तो हवेचा कोन मोजणाऱ्या एका सेन्सरमध्ये. आणि अहवालातल्या एका मुद्द्यापाशी मी थांबलो. इशारा देणाऱ्या त्या यंत्रणेचा हा बिघाड पहिल्यांदाच आला नव्हता. तो पुन्हा पुन्हा येत होता आणि मुळातून दुरुस्त होत नव्हता. मला वॉचमनचा लाल दिवा आठवला.

उड्डाण ही खोट्या इशाऱ्यासाठी सगळ्यात वाईट वेळ का, हेही तेव्हा कळलं. धावपट्टीवर पळताना एक वेग असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आत असाल तर ब्रेक मारून थांबता येतं. तो ओलांडला की थांबायला जागा उरत नाही, बिघाड घेऊनच वर जायचं आणि वर जाऊन बघायचं. हा आकडा त्या दिवशीचं वजन, हवा, धावपट्टी बघून आधीच काढून ठेवतात, कारण ऐन वेळी विचार करायला सवड नसते. अशा क्षणी कॉकपिटमध्ये फालतू घंटा वाजली तर घाबरून कुणी थांबायला जाईल, म्हणून विमानच गप्प बसतं. माझ्या ओळीच्या मागेही हाच विचार होता. मग माझं काय चुकलं?

उत्तराचा एक तुकडा डेट्रॉइटच्या अहवालात मिळाला. १६ ऑगस्ट १९८७, नॉर्थवेस्टची फ्लाइट २५५. पंखांच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, बाहेर न काढताच विमान उड्डाणाला निघालं. अशा वेळी भोंगा वाजायलाच हवा. तो वाजला नाही, कारण त्या यंत्रणेला वीजच मिळत नव्हती. १५६ माणसं गेली, त्यातली दोन रस्त्यावरची. विमानातली चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली. वीज का नव्हती ते शेवटपर्यंत ठरलं नाही. पण चौकशीत एक सवय समोर आली. विमान जमिनीवर रांगत असताना हा भोंगा नको तेव्हा वाजायचा आणि काही वैमानिक वैतागून त्याचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवायचे. त्या रात्री तसं झालं असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. पण सवय खरी होती. फोन विहिरीत टाकावासा वाटणं खरं होतं.

दुसरा तुकडा ग्रीसमधला. १४ ऑगस्ट २००५, हेलिओसची फ्लाइट ५२२, लार्नाकाहून अथेन्सकडे. विमानात हवेचा दाब नीट भरत नव्हता आणि त्याचा भोंगा वाजला. पण त्या बोइंग ७३७ मध्ये दोन गोष्टींना एकच भोंगा होता. जमिनीवर असताना उड्डाणाची तयारी अपुरी असली तरी तोच, आणि वर हवेचा दाब कमी पडला तरी तोच. वैमानिकांना वाटलं, जमिनीवरचा भोंगा हवेत चुकून वाजतोय. ते त्या खोट्या इशाऱ्याचं कारण शोधत राहिले आणि खऱ्या इशाऱ्याने सांगितलेला ऑक्सिजन संपत गेला. १२१ माणसं.

आमच्या ॲपमध्ये दार उघडं राहिलं, बॅटरी उतरली, नेट गेलं, तापमान चढलं, सगळ्याला एकच टिंग होतं.

आणि तिसरा तुकडा पुन्हा त्या ए-३२० मध्येच सापडला, जिथून मी सुरुवात केली. विमान ८० नॉटनंतर गप्प बसतं हे खरं. पण गप्प बसताना ते समोरच्या पडद्यावर जांभळट-गुलाबी अक्षरांत लिहून ठेवतं की उड्डाणापुरते इशारे रोखलेले आहेत. १५०० फुटांवर ती अक्षरं जातात. वैमानिकाला ठाऊक असतं की ही शांतता ठरवून ठेवलेली आहे आणि ती अमुक ठिकाणी संपणार आहे.

माझी शांतता कुणालाच दिसत नव्हती. फेब्रुवारीतल्या त्या रात्री काकांच्या मोबाईलवर जी शांतता होती, ती सगळं ठीक असलेल्या रात्रीसारखीच होती. आणि तिला शेवटही नव्हता. चुंबक वर्षभर पडून राहिलं असतं तर माझा कोड वर्षभर गप्प बसला असता.

*

मी बॉसला म्हटलं, तो मेल पाठवू नका. मी जाऊन सांगतो. त्याला ते पटलं नाही. ग्राहकासमोर आपली चूक कोण कबूल करतं? पण शेवटी तो म्हणाला, जा.

बाबा बरोबर आले. मोटरसायकलवर मागे बसून, म्हणे मला जरा ते पॅनल बघायचंय.

काकांच्या ओट्यावर चहा झाला. मी सांगितलं की सेन्सर पडला हे खरं, पण सेन्सर पडणारच, कधी ना कधी प्रत्येक सेन्सर पडतो. तो पडल्यावर मशीनने गप्प बसायचं, हे मी ठरवलं होतं. तुम्ही रात्री फोन केला होता ना, त्यानंतर.

काका म्हणाले, "म्हंजे मी बोल्लो म्हणून?"

"नाही. तुम्ही त्रास सांगितला. उपाय मी काढला."

ते बराच वेळ बागेकडे बघत राहिले. त्यातला निम्म्याहून जास्त माल लोकल मार्केटला मिळेल त्या भावाने गेला होता. आकडा मी लिहीत नाही, तो त्यांचा हिशेब आहे. कंपनीने त्यांचं पुढच्या सीझनचं बिल माफ केलं, पण त्याने ती रक्कम भरून निघत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मग ते बाबांना म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय, पण माझी द्राक्षं गेली." बाबा म्हणाले, "हो, गेली." दोघं पुन्हा चहा प्यायले.

त्या दुपारी बाबांनी पॅनलचा लाल दिवा आधी मोकळा केला. आतली एक वायर सैल होती, म्हणून तो उगाच लागायचा. दहा मिनिटांचं काम. दिवाळीपासून कुणी केलं नव्हतं.

मी कोड बदलला. खोलीत आता दोन ठिकाणी तापमान मोजतो आणि दोघांचं पटलं नाही तर तेही कळवतो. कॉम्प्रेसर करंट घेतोय की नाही, हे वेगळं बघतो. दार उघडं असलं तर अलर्ट अजूनही थांबतो, पण ॲपवर तेवढा वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'दार उघडं, तापमानाचा इशारा थांबवलाय', आणि बाजूला उलटी मिनिटं पळत असतात. वीस मिनिटं झाली की दार उघडं असो नसो, इशारा जातो. आणि टिंग आता एकाच गोष्टीला नाही. बॅटरी, नेट वगैरेंचा सकाळी आठला एकच मेसेज येतो. थंडी तुटली तर मेसेज येत नाही, थेट फोन वाजतो आणि उचलेपर्यंत वाजत राहतो.

आलेख आता पूर्वीइतका देखणा नाही. या सीझनला काकांना दोनदा खोटा फोन गेला. दुसऱ्यांदा पहाटे पावणेचारला. मी घाबरतच सकाळी फोन केला.

ते म्हणाले, "वाजला. उठून बघून आलो. सगळं बरं होतं."

"त्रास झाला ना?"

"झाला की. पण का वाजला ते बघा आधी."

कारण सापडलं. आतला एक सेन्सर पेट्यांच्या थप्पीमागे दबला होता. पोरं जाऊन तो हलवून आली.

दर शनिवारी संध्याकाळी काका स्वतः दाराचं चुंबक हाताने काढतात आणि घड्याळ लावून ओट्यावर बसतात. आधी ॲपवर ती अक्षरं येतात, मिनिटं पळायला लागतात. मग ते चुंबक परत लावतात आणि मला व्हॉट्सॲपवर एकच शब्द पाठवतात, 'बोलतंय'. मागच्या शनिवारी तो शब्द आला नाही. साडेसात वाजले, आठ वाजले. शेवटी मी फोन लावला.

"अहो, लग्नाला आलोय चांदवडला," ते म्हणाले. पाठीमागे बँड वाजत होता. "उद्या काढतो चुंबक."

रविवारी सकाळी साडेसहाला मेसेज आला.